स्टिअरिंगवरचे दोन खळगे

मास्तर, काल तुमचा तेरावा झाला. जेवणं उरकली, पाहुणे एसटीच्या वेळा विचारत उठले, आणि वहिनींनी मला माजघरात बोलावून जुन्या पातळात गुंडाळलेलं एक गाठोडं हातात दिलं. मी ते तिथं उघडलं नाही. नुसतं हाताला लागलं तेव्हाच कळलं होतं की स्टिअरिंग आहे. घरी नेलं, खुंटीला अडकवलं, जेवलो, झोपलो. आज सकाळी माझ्या गाड्यांच्या आवारात आणून उघडलं. त्यावर काय केलेलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मला नव्हतं.

लोक माझ्याकडं बघत होते, हा माणूस रडत कसा नाही म्हणून. मला रडू आलेलं नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालंय. चहा प्यालो की चहा प्यालो एवढंच कळतं. गोड होता की नाही ते सांगता येत नाही.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, हरहुन्नरी, मनमिळाऊ. मनमिळाऊ वाचून मी पेपर घडी करून ठेवला. तुम्ही मनमिळाऊ होता असं ज्यानं लिहिलं, त्यानं तुमच्याकडून एखादं दाराचं हँडल तरी बसवून घ्यायला हवं होतं. गाड्यांचं त्यात एक अक्षर नाही. नगर जिल्ह्यात आज जेवढ्या जुन्या गाड्यांच्या आत बसल्यावर माणसाला बरं वाटतं, त्यातल्या निम्म्या तुमच्या हातच्या आहेत. पण ते शिक्षकाला शोभत नसावं.

मी तुमच्या ओसरीवर पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या काखेत एका गाडीच्या डॅशबोर्डची फळी होती. वरचा लाकडी पापुद्रा सुटून वर आलेला, मधोमध कोणीतरी विडी विझवलेली. तुम्ही फळी उलटी केली, सुलटी केली, नाकाजवळ नेली आणि एक आकडा सांगितलात. मग भिंतीकडं बघायला लागलात. भिंतीवर काही नव्हतं, एक खिळा होता.

मी बोलायला लागलो. माझं बोलणं तुम्हाला माहीत आहे. नेवाशाजवळच्या वस्तीवरनं ट्रकचा क्लीनर म्हणून मी नगरला आलो, आणि आज माझं स्वतःचं गाड्यांचं आवार आहे, ते या जिभेवर. आधी हसलो, मग हा आकडा म्हणजे अन्याय आहे असं सांगितलं, मग पुण्याचा कारागीर किती स्वस्त आहे ते सांगितलं. तुम्ही खिळा बघत होता. मग मी माझं शेवटचं केलं. फळी उचलली, चपला घातल्या आणि फाटकाकडं निघालो. आजवर फाटकाच्या आत मला हाक आली नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी मी फाटकाची कडी काढली, लावली, परत काढली. मागं वळून बघितलं तर तुम्ही तपकीर ओढत होता. मी परत आलो आणि फळी तुमच्यापुढं ठेवली. तुम्ही म्हणालात, “पुढच्या वेळी चपला घालू नकोस, रंगनाथ. उगीच काढाव्या लागतात.”

त्या एका वाक्याचा राग मला बरीच वर्षं पुरला. पण काम झालेली फळी घ्यायला आलो तेव्हा तिच्यावरचा विडीचा डाग कुठं होता ते मला सापडलं नाही. एका मोडक्या रेडिओच्या पेटीचा पापुद्रा काढून तुम्ही तो तिथं असा बसवला होता की लाकडाची रेघ इकडून निघून तिकडं सरळ जात होती. तेव्हापासून माझ्या गाड्यांचं आतलं काम तुमचं झालं. बाहेरचा पत्रा आणि इंजीन माझ्या माणसांचं, बसल्यावर जिथं जिथं हात लागतो ते सगळं तुमचं.

आपलं कशावरच जमलं नाही. मी रेक्झिन म्हणायचो, तुम्ही चामडं. मी म्हणायचो की रेक्झिन फडक्यानं पुसलं की झालं, गिऱ्हाईक खूश. तुम्ही म्हणायचा, उन्हाळ्यात रेक्झिनवर बसलेल्या माणसाला उठताना बघ, कातडं सोलल्यासारखा उठतो. आणि मेण घालून कोमट केलेलं एरंडेल घेऊन तडकलेल्या चामड्याला दिवसचे दिवस चोळत बसायचा. छताच्या आतल्या कापडाला उंदरांनी भोकं पाडलेली असली की मी म्हणायचो, सगळंच नवं लावा. तुम्ही तेवढाच तुकडा लावायचा, आणि तो जुन्याशी मिळावा म्हणून चहाच्या पाण्यात रंगवायचा. वहिनी आतून ओरडायच्या की घरात माणसांना चहा नाही आणि गाड्या चहा पितात. एकदा तर पातेल्यातलं कापड काढायचं तुम्ही विसरलात, आणि आलेल्या पाहुण्यांना वहिनींनी तोच चहा गाळून दिला. पाहुण्यांनी आणखी एकेक कप मागितला. हे तुम्ही मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. परवा आठवलं तर हसू आलं नाही, पण आठवलं.

आणि शनिवार. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, घरात आणायचं नाही, ही आपल्याकडची रीत. शिंगणापूर एवढं जवळ, त्यामुळं आपल्या भागात ती जरा जास्तच कडक. म्हणून जुनी गाडी बघायला मी नेमका शनिवारी जायचो. त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक फिरकत नाही आणि विकणारा सैल पडतो. बोलणं शनिवारी पक्कं करायचं, गाडी रविवारी ओढून आणायची. तुम्हाला हे कळलं तेव्हा म्हणालात, “तू शनीशीसुद्धा घासाघीस करतोस.” आणि स्वतः मात्र शनिवारी लोखंडाला हात लावायचा नाही. देव मानत नाही असं वर सांगायचा. आई पाळायची म्हणून पाळतो, म्हणायचा. शनिवारी तुमच्याकडं फक्त लाकूड आणि चामडं. स्क्रू पिळायचा राहिला असेल तर तो रविवारपर्यंत राहायचा. मी किती डोकं आपटलं, गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून सांगितलं, तरी तुम्ही खिळ्याकडंच बघत बसायचा.

आता त्या गाडीचं सांगतो.

नेवाशाच्या डॉक्टरांची ती जुनी इंग्रजी गाडी. डॉक्टर गेल्यानंतर कित्येक वर्षं चिंचेखाली उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पेट्रोल महागल्यापासून असल्या मोठ्या गाड्यांना कोणी विचारत नाही, म्हणून डॉक्टरांच्या मुलानं ती मला दिली. शनिवारीच बोलणं केलं. मी ती स्वस्त मिळाली म्हणून घेतली, दुसरं काही कारण नव्हतं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. मलाही तसंच वाटत होतं.

गिऱ्हाईक पुण्याचं होतं. जुन्या गाड्या जमवणारे गृहस्थ. त्यांची एकच अट, गाडी आतून दुकानातून आज बाहेर काढल्यासारखी दिसली पाहिजे. त्यांनी इसार दिला, मी शब्द दिला.

तुम्ही गाडी बघायला आवारात आलात तेव्हा चालवणाऱ्याचं दार उघडलंत आणि उभेच राहिलात. ही डॉक्टरांची गाडी का, म्हणून विचारलंत. मी हो म्हणालो. तुमचं मूळ घर नेवाशाचं, तुम्ही ती ओळखणारच. त्या दिवशी तुम्ही आकडासुद्धा सांगितला नाहीत. स्टिअरिंग काढून पाठव, एवढंच म्हणालात.

ते काळ्या, कडक, रबरासारख्या मालाचं स्टिअरिंग. आत लोखंडी कडं. उन्हानं त्याला बोटभर रुंद भेगा पडल्या होत्या, काही ठिकाणी आतलं लोखंड दिसत होतं. प्रत्येक भेग तुम्ही आधी कानशीनं आणखी मोठी केलीत. मी आलो आणि ओरडलो की दुरुस्त करताय की मोडताय. तुम्ही म्हणालात की भेग आतून स्वच्छ केल्याशिवाय भरली तर ती पुन्हा त्याच जागी उकलते. मग दोन नळ्यांतला तो डिंक बशीत कालवून, बशी ओल्या फडक्यावर ठेवून, उन्हाळ्यात तो हातातच वाळू नये म्हणून थोडा थोडा भरत बसलात. वर कानस, मग पाण्यातला पॉलिश कागद, मग रंग, मग पुन्हा कागद. काही आठवड्यांत भेगा गेल्या.

राहिले ते दोन खळगे. स्टिअरिंगच्या आतल्या बाजूला, जिथं दोन्ही अंगठे टेकतात तिथं. डॉक्टरांनी ती गाडी सगळ्या तालुक्यातनं, बैलगाडीच्या चाकोऱ्यांतनं, नदीच्या पात्रातनं चालवली. त्यांच्या अंगठ्यांनी तिथला माल झिजून गुळगुळीत झाला होता. बघून लक्षात यायचं नाही, पण हात ठेवला की अंगठे आपोआप तिथं जाऊन बसायचे. ते तुम्ही भरले नाहीत. त्यांच्यावर फक्त रंगाचा हात फिरवलात.

पुण्याचे गृहस्थ तुमच्या ओसरीवर स्टिअरिंग बघायला आले, त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे. त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं, गोल फिरवलं, अंगठा अडखळला. हे काय, म्हणाले. मी म्हणालो, ते भरायचं राहिलंय, भरून मिळेल. आणि तुम्ही, माझ्याकडं न बघता, त्यांना म्हणालात, “ते भरणार नाही. याला विचारू नका, हा फक्त विकणारा आहे.”

फक्त विकणारा. मास्तर, तो शब्द मी अजून गिळलेला नाही. कोंबड्यांच्या विष्ठेतनं ती गाडी मी ओढून काढली. तुमच्या त्या एरंडेलासाठी आणि मेणासाठी गाव पालथं घातलं. दाराच्या मुठींना निकेलचं पाणी चढवायला मी दोनदा पुण्याला गेलो, कारण पहिल्या वेळी तुम्हाला त्यांची चकाकी फार वाटली. तुमच्या हाताला काम कोणी आणून दिलं? मी नसतो तर तुम्ही ओसरीवर बसून केळी आणि सुरई यांचीच चित्रं काढली असती. हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो, कारण आता तुम्ही भिंतीकडं बघू शकत नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मी दार लोटलं. तुम्ही शांतपणे सांगायला सुरुवात केलीत. तुमचा अनंत पाच वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. डॉक्टर रोज यायचे, ताप चढला त्या दिवशी गाडी दारात उभी करून संध्याकाळपर्यंत त्याच्या उशाशी बसले. आम्ही त्या घरातली माणसं, तुम्ही म्हणालात, ज्यांच्या दारात हे स्टिअरिंग वेळेवर आलं. “हे दोन अंगठे आमच्याकडं वेळेवर आले, रंगनाथ. मी ते बुजवणार नाही.”

तेव्हा माझ्या तोंडातून ते निघालं. लिहायची भाषा राहिली नाही, वस्तीवरची आली.

“तुमच्याकडं आले व्हय. आमच्याकडं न्हाई आले. माझा बाप पोटात दुखून लोळत हुता. निरोप धाडला तवा दिवस उगवला नव्हता. गाडी आली दुसऱ्या दिवशी. मी दारात उभा हुतो आन् बाप आत संपला हुता. तुमच्या घरी त्यो डॉक्टर पायी आला असता तरी येळंवर आला असता. आमच्या वस्तीला गाडी असून उशीर झाला.”

तुम्ही खिळ्याकडंही बघितलं नाहीत. मी चपला घातल्या आणि फाटकाबाहेर पडलो. या वेळी कडी दोनदा काढली नाही.

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या दारात. एवढं चकचकीत काही आमच्या वस्तीवर कधी आलं नव्हतं. डॉक्टर आत गेले, बाहेर आले, गाडीत बसले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. गाडी सुरू केली नाही. आईनं त्यांना पाणी नेऊन दिलं. ते कुठं अडकले होते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती. मी त्यांच्या हातांकडं बघत होतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगितलं ते भांडणात.

त्यानंतर आपण बोललो नाही. एक आठवडासुद्धा झाला नसेल. मी राहुरीला एका ट्रेलरचा सौदा करत होतो तेव्हा माझा माणूस मोटारसायकलवर आला. मास्तर गेले, म्हणाला. सकाळी दाढीचा साबण गालावर असतानाच गेले. मी ऐकलं आणि समोरच्या माणसाशी बोलणं पुढं चालू ठेवलं. सौदा पुरा केला. नेहमीपेक्षा जास्तच ओढून धरला असं नंतर वाटलं. मग नगरला आलो. तुमच्या एका गालावर साबण सुकलेला होता, तो कोणीतरी पुसत होतं. मी तेवढंच बघितलं.

दहाव्याला अनंत मला म्हणाला की काका, तुमची जीप असेल तर बरं. प्रवरासंगमाला मीच घेऊन गेलो सगळ्यांना. अनंत, तुमचे धाकटे भाऊ, गुरुजी. नदीला पाणी कमी होतं, घाट कोरडा, दगडांवर पाय भाजत होते. पिंड ठेवला, सगळे मागं सरकले. बाभळीवर कावळा होता. तो आला नाही.

अनंत हात जोडून म्हणाला की आईला मी घेऊन जाईन, काळजी करू नका. कावळा हलला नाही. आईला जायचं नसेल तर मीच नगरला बदली करून घेईन, म्हणाला. नाही. तुमचे भाऊ म्हणाले, दादा, नेवाशाच्या घराचं मी वाटणीवरून काही काढणार नाही. नाही. गुरुजींनी उन्हाकडं बघितलं आणि म्हणाले की दर्भाचा कावळा करून शिवतात, शास्त्रात आहे. तुमच्या भावाला ते पटेना. मग ते माझ्याकडं वळले.

“तुमचं काही राहिलंय का हो दादाशी?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मास्तर, मी कावळ्याकडं बघितलं. तो आमच्याकडं बघत नव्हता. नदीच्या पलीकडं, जिथं काहीच नाही, तिकडं मान करून बसला होता. आकडा सांगून झालेला, आता तुमचं तुम्ही बघा. मी आयुष्यभर सौदे केले ते बोलणाऱ्या माणसांशी. जो बोलत नाही त्याच्यापुढं मला काही येत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मी ठरवलं होतं की झुकायचं नाही. फक्त विकणारा, हा शब्द मागं घेतल्याशिवाय तर नाहीच. पण अनंतनं ओलं नेसलेलं धोतर अंगावरच वाळलं होतं. त्याच्या तोंडाकडं बघवेना. त्या पोराच्या उशाशी डॉक्टर बसले होते. मी पुढं झालो, हात जोडले आणि म्हणालो, “ते खळगे राहतील, मास्तर. मी शब्द देतो.”

कोणाला काही कळलं नाही. गुरुजींना वाटलं मी शेताबिताचं काही बोललो. पलीकडं दुसऱ्या कोणाच्या पिंडावरून दोन कावळे उठले, त्यांच्याबरोबर तोही उठला, एक फेरी घातली आणि येऊन बसला. माझ्या शब्दानं आला की भुकेनं, ते मला माहीत नाही. तुमचे भाऊ रडायला लागले. मी जीपमध्ये जाऊन बसलो, पण किल्ली फिरवायचं बराच वेळ सुचलं नाही.

शब्द मी आजवर मोडलेला नाही, हे तुम्ही दुसरं काहीही म्हणालात तरी कबूल कराल. पुण्याच्या गृहस्थांना काय सांगायचं त्याची मी घरी परत येईपर्यंत तयारी केली. खळगे राहतील, भाव थोडा कमी करतो, घ्या नाहीतर सोडा. मनात सगळं जुळवून टाकलं.

आणि काल वहिनींनी ते गाठोडं दिलं.

वहिनी म्हणाल्या की तुमचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बसले होते हे घेऊन. जेवायला हाका मारून मी दमले. शनिवारीसुद्धा उठले नाहीत. मी म्हटलं, अहो, आज शनिवार, लोखंड आहे ना ते आत. तर मला म्हणाले, “मी वरच्या मालाला हात लावतोय, आतल्या लोखंडाला नाही.” वहिनी सांगताना थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला निरोप धाडू का म्हणून मी विचारलं होतं. नको म्हणाले. रंगनाथ येईल, त्याला हातात देईन. “अंगठ्यानं जागा शोधून दाखव म्हणेन. सापडली तर नाव बदलीन.”

आज आवारात पातळ सोडलं. स्टिअरिंग काळं, अखंड, गोल. मी बाकावर बसलो, डोळे मिटले आणि आतल्या बाजूनं अंगठा फिरवला. एक पूर्ण फेरी. मग उलटी फेरी. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं. मास्तर, नाही सापडली. कुठं होते ते मला माहीत असूनही नाही सापडली.

तर असं झालं. तुम्ही माझं ऐकलंत. इतक्या वर्षांत एकदाही तुम्ही एका पैशानं, एका सुतानं खाली आला नाहीत, आणि आलात ते असे, न सांगता, शनिवारी बसून. मी जिंकलो म्हणून मला कोणाला सांगायचं? आणि मी संगमावर उभा राहून तुमचं ऐकलं. दोघंही खाली आलो आणि मध्ये कोणी नव्हतं. माझी तक्रार ही आहे. तो ‘विकणारा’ शब्द मी एक वेळ सोडून देईन. पण शनिवारी सकाळी एक निरोप धाडला असता तर काय बिघडलं असतं? माझं आवार तुमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे.

दुपारभर मी ते स्टिअरिंग समोर ठेवून बसलो होतो. शब्द दिलाय खळगे राहतील म्हणून, आणि खळगे नाहीत. कानस माझ्या हाताशी होती. दोन जागी घासलं असतं तर तुमची भरती निघाली असती आणि खालचे खळगे तसेच वर आले असते. कावळ्याला दिलेला शब्द खरा झाला असता. मी कानस उचललीसुद्धा. पण तिच्याखाली जे होतं ते तुमचं शेवटचं काम होतं, आणि ते तुम्ही माझ्या बापासाठी केलं होतं. तुम्ही तसं बोलला नाहीत. बोलायची गरज नव्हती. कानस मी परत डब्यात टाकली.

मग स्टिअरिंग गाडीला बसवलं. एकट्यानं. पहिल्यांदा आरे वाकडे आले, चाकं सरळ आणि स्टिअरिंग तिरपं. तुम्ही असता तर भिंतीकडं बघितलं असतं. काढलं, पुन्हा बसवलं, नट आवळला. आत बसलो. चामड्याला तुमच्या मेणाचा वास आहे. छताला उंदरांच्या भोकांवरचा तुकडा कुठला ते आता मला ओळखू येत नाही. हॉर्नचं बटण दाबलं तर वाजलं, आणि आवारातली माणसं काम थांबवून बघायला लागली.

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि बराच वेळ तसाच बसलो. गाडी सुरू केली नाही. डॉक्टर आमच्या दारात तसेच का बसले होते ते मला कळलं असं मी म्हणणार नाही. पण मीही बसलो.

तिथं बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. खळगे राहतील असा शब्द मी दिलाय. ते कोणी पाडायचे ते आपलं ठरलेलं नाही. गाडी चालवली तर पडतील. मी रोज चालवीन. वस्तीवर नेईन, संगमाला नेईन, राहुरीला सौद्याला नेईन. किती वर्षं लागतात ते तुम्हाला विचारायचं राहिलं. पण अंगठे माझेही जाड आहेत, आणि राग आला की मी स्टिअरिंग घट्ट धरतो, हे तुम्हीच मला एकदा सुनावलं होतं.

पुण्याचे गृहस्थ रविवारी येतील. मी त्यांना सांगेन की गाडी विकायची नाही, तुमचा इसार परत घ्या. ते भाव वाढवतील. मी आवाराच्या भिंतीकडं बघीन. ते आणखी वाढवतील, मग रागावतील, मग दिलेल्या शब्दाची आठवण करून देतील, मग उठून फाटकाकडं जातील. कडीला हात घालून थोडं थांबतीलसुद्धा.

मी हाक मारणार नाही.